पुडीतली पांढरी गोळी

३ जुलै, गुरुवार
मागच्या खाचरातली लावणी उरकली. आता हेच एक खाचर राहिलंय, बाकी सगळी जमीन भाड्याच्या खोल्यांखाली गेली. बायका मिळाल्या नाहीत. हिंजवडीला साफसफाईच्या कामाला जातात सगळ्या, चिखलात कोण उतरतंय. मी आणि जाऊबाई, दोघींनीच. कंबर मोडली.
पायाच्या बोटांच्या बेचक्यांत खाज. मीठपाणी झालं, खोबरेल झालं, काही फरक नाही.
खोल्यांची संडासाची टाकी परत भरून वाहतेय. पाणी सरळ खाचरात. ह्यांना म्हटलं टँकर बोलवा. "वाहू दे की. खाचरातच जातंय न्हवं? खत हाय त्ये. युरियाचं पैसं वाचत्यात." रोप मात्र काळंभोर हिरवं आहे, ते नाकारून चालणार नाही.
गुरुवारचा उपास. रात्री खोकला.

६ जुलै, रविवार
खोकल्याने बसवून ठेवलं. छातीत शीळ वाजते. नाक्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. तपासलं नाहीच, लांबूनच म्हणाले, "काकू, तीच अ‍ॅलर्जी. भाताची, चिखलाची. तीच गोळी चालू ठेवा." कागदाची पुडी, आत पांढऱ्या सुट्या गोळ्या. नाव नाही गाव नाही. गेल्या थंडीपासून हेच चाललंय. गोळी घेतली की दोन दिवसांत खोकला गप्प, खाज गप्प. सोडली की परत.
स्वस्त आहे म्हणून मीही काही बोलत नाही. पण हे किती दिवस?

१४ जुलै, सोमवार
लेकीचा फोन, मनीचा, सूसहून. पाचवा लागला. उलट्या थांबल्या, दोन घास जातात म्हणाली. देवी वाघजाई, तुझीच कृपा. सहा वर्षं वाट बघितली.
जावयांच्या आई म्हणतात पहिलं बाळंतपण माहेरीच, सातव्यात पाठवू. मी म्हटलं पाठवा, दसरा झाला की लगेच. बोलून गेले आणि अंगणाकडे पाहिलं. टाकीचं पाणी आता तुळशीच्या कट्ट्यापर्यंत येतंय.
मनी विचारते, "आई, तू अजून अनवाणीच फिरतेस का गं?" म्हटलं हो. बाळ देवीच्या ओटीत घालेपर्यंत पायात काही घालणार नाही, बोलले ते बोलले. "पावसात तरी घाल." म्हटलं देवी पावसाळा बघून देते का?
खोकला नाही. गोळी चालू.

२२ जुलै, मंगळवार
पोटात मुरडा, दिवसातून चार-पाचदा पळावं लागतं. वजन उतरलंय, बांगड्या कोपरापर्यंत जातात. जाऊबाई म्हणाल्या, "बरं हाय की, लोकं पैसं भरून जिमला जात्यात." त्यांना सगळ्याचीच मस्करी.
आज नवीनच प्रकार. अंघोळीला बसले तर बेंबीच्या बाजूला लाल रेघ, दोरा ठेवल्यासारखी, उठलेली. भयंकर खाज. जाऊबाईंना दाखवली. तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "नागीण हाय ही. वेढा पुरा झाला तर माणूस राहत न्हाई." गेरू कालवला, रेघेच्या दोन्ही टोकांना आडव्या रेघा मारल्या, म्हणजे नागिणीला पुढे वाट नाही.
दुपारी बघते तर रेघ गेरू ओलांडून वीतभर पुढे. गेरू तिथेच.
जाऊबाई म्हणाल्या, "ही कंची जात म्हणायची मग?" पहिल्यांदा मस्करी केली नाही त्यांनी. मला त्याचीच भीती वाटली.

२३ जुलै, बुधवार
रेघ गायब. कुठेच नाही. ह्यांना सांगितलं तर, "डोळं तपासून घे."
नाक्यावरचे डॉ. म्हणतात अ‍ॅलर्जीच, दीड गोळी घ्या. घेतली. काय करणार.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी
वारुळाला जाऊन आले. लाह्या, दूध. परतताना चढ चढवेना, बांधावर बसले. दम लागतोय आणि ताप नाही, दुखणं सांगावं तरी काय? सगळे म्हणतात वय झालं. पन्नास म्हणजे वय होतं का?
मनीला सांगितलं नाही.

२ ऑगस्ट, शनिवार
शेवटी पौडला गेले. तिथे एक मॅडम आहेत, तरुण, स्वतःचा दवाखाना. एकटीच गेले, हे म्हणाले नाक्यावरचा काय वाईट हाय. बस भरलेली. पायावर कोणीतरी बुटाचा पाय दिला.
मॅडमनी नीट तपासलं. पोट दाबलं, छाती ऐकली, डोळे खाली ओढून बघितले. मग पाय बघितले. "अनवाणी चालता?" नवसाचं सांगितलं. हसल्या नाहीत. शेतात कुठे उतरता, पाणी कुठून येतं, सगळं विचारलं. टाकीचं सांगताना लाज वाटली.
रेघेचं सांगितलं. गेरूचंही. लिहायचं थांबवून वर बघितलं. "किती वेळात सरकली?" दुपारपर्यंत वीतभर म्हटलं. "आणि आता नाही?" नाही.
रक्त घेतलं.

५ ऑगस्ट, मंगळवार
रिपोर्ट आला. लॅबवाला म्हणाला, "काकू, नॉर्मल आहे सगळं." ह्यांनी कागद पूर्ण उघडलासुद्धा नाही. "बग, मी म्हनलं न्हवतं? उगा पौडच्या वाऱ्या." दिवसभर घरात असे फिरले की जणू तेच परीक्षेत पास झाले.
मीही जाऊ नये असंच ठरवत होते. पण मॅडमनी रिपोर्ट घेऊन या म्हटलं होतं. शब्द दिला होता.

६ ऑगस्ट, बुधवार
गेले. आजचं सगळं लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.
मॅडमनी कागदावर एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. या पेशी शून्य." म्हटलं शून्य म्हणजे चांगलंच ना, लॅबवाला नॉर्मल म्हणाला. "इतर कुणाचं असतं तर मी काहीच बोलले नसते. तुमचं बघून मला काळजी वाटते."
मग सांगितलं. पोटात जंत शिरले की अंग त्यांच्यावर वेगळीच फौज काढतं. बारीक जंतू गिळून टाकता येतात. जंत त्या पेशींपेक्षा कितीतरी मोठा, गिळायचा कसा? म्हणून ह्या पेशी गोळा होऊन त्याच्या अंगाला चिकटतात, त्याच्यावर जाळणारं काही ओततात. आतडं बुळबुळीत पाणी सोडतं, पिळवटतं, ढकलतं. कातडी खाजते. जंताची पिल्लं फुप्फुसातून जातात तेव्हा खोकला येतो, छाती वाजते. "ह्यातला बराचसा त्रास म्हणजे तुमचं अंग लढत असतं, काकू."
मला रानडुकराची आठवण झाली. भातात शिरलं तर ते काय कोणी उचलून फेकत नाही. डबे वाजवतात, दगड मारतात, टेंभे दाखवतात, गाव जागं करतात, नकोसं करून सोडतात. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "अगदी तसंच."
मग म्हणाल्या, "अनवाणी, असल्या पाण्यात, वर ती रेघ. तुमच्या रक्तात ह्या पेशी भरपूर दिसायला हव्यात. एकही नाही. कोणीतरी त्यांना गप्प केलंय. दुसरं काही औषध चालू आहे?"
पदरातून पुडी काढून दिली.
त्यांनी गोळी तळहातावर उलटसुलट केली. नाक्यावरच्या डॉक्टरांना फोन लावला. मला एवढंच ऐकू आलं, "कधीपासून?" आणि मग, "सहा महिने?" फोन ठेवला आणि सांगितलं.
ती गोळी अंगाच्या फौजेलाच झोपवते. म्हणून खाज गेली, खोकला गेला. जंत नाही गेले.
म्हणजे डुक्कर भातात आणि मी डबे वाजवणाऱ्यांना निजवत बसले. रोज. नियमाने. देवापुढे हात जोडून घ्यायची मी ती गोळी.
एकदम बंद करायची नाही म्हणाल्या, त्यानेही अपाय होतो. थोडी थोडी कमी. आणि शौचाची तपासणी, तीन वेळा.

९ ऑगस्ट, शनिवार
डबी घेऊन बसने पौड. ताजं हवं, फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. बरंच झालं, फ्रिजमध्ये नैवेद्याचं दूध असतं. पिशवीत पिशवी, त्यात पिशवी. शेजारी बसलेली बाई म्हणते, "डब्यात काय हाय, पुरणाचं?" काय सांगू.
घरी आल्यावर डोक्यावरून अंघोळ केली, मग देव पूजले. सगळं उशिरा.
तपासणीत काही नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार
दुसरी डबी. काही नाही.
हे म्हणाले, "न्हाईच हाय तर सापडंल कसं? बाई तुला बनवतीया." मी म्हटलं तुमची टाकी बनवतेय मला. शब्दाला शब्द लागला. जेवण तसंच झाकून ठेवलं दोघांनी.
गोळी अर्धी केली. खोकला सुरू. कोणाला सांगायची सोय नाही, सगळे म्हणतील बघ, गोळी सोडली म्हणून.

२३ ऑगस्ट, शनिवार
तिसरी डबी बुधवारीच दिली होती. लॅबवाल्याने तीन दिवस ठेवून बघायची काहीतरी वेगळी रीत सांगितली होती, मॅडमच्या सांगण्यावरून. आज बोलावलं. "काकू, बघायचंय?"
नळीला डोळा लावला. आधी नुसता उजेड. मग एक बारीक धागा. वळला. परत वळला. जिवंत आहे हो.
हात जोडायला गेले आणि थांबले. कशाला जोडत होते ते कळेना.
मॅडमनी इंग्रजी नाव लिहून दिलं, मला म्हणता येत नाही. म्हणाल्या इतर जंतांची अंडी शौचातून बाहेर पडतात, हा आतल्या आतच पिल्लावळ वाढवतो, वर्षानुवर्षं एकाच माणसात राहू शकतो. अंग जागं असेल तोवर दाबून ठेवतं. झोपलं की हा मोकाट, रक्तात, फुप्फुसात, डोक्यातसुद्धा. "तुम्ही वेळेवर आलात," असं म्हणाल्या खऱ्या, पण आधी जरा थांबल्या.
शिरतो कुठून, तर पायांतून. ओल्या मातीतून, कातडी फोडून. ती बेचक्यांतली खाज.
मनीचं विचारलं. सातव्यात येणार आहे म्हटलं. "गरोदर बाईला हे औषध आम्ही सहसा देत नाही. म्हणजे तिला ते होऊच द्यायचं नाही. टाकी नीट करून घ्या. आणि काकू, तुम्ही पायात घाला. नाहीतर मी औषध देईन आणि तुम्ही परत घेऊन याल."
नवसाचं त्या काही बोलल्या नाहीत. नुसतं बघितलं माझ्याकडे. बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

२७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी
गणपती बसले. आरतीला खोल्यांतले भाडेकरूही आले, त्यांची लेकरं अंगणात अनवाणी पळत होती, त्या ओलीतूनच. ओरडले त्यांच्यावर. आयांना वाटलं सोवळं पाळते म्हातारी. एक म्हणाली, "आंटी को गंदगी नहीं चलती." तुमचीच घाण आहे आणि माझंच अंगण आहे, कोणाला काय बोलू.

३१ ऑगस्ट, रविवार
देवीच्या टेकडीवर गेले. कौल लावायला. गुरवाला सांगितलं, विचार, नवस मोडत नाही, फक्त लेकरासाठी पायात घालू का. उजवीकडची पाकळी पडली तर हो, डावीकडची तर नाही.
त्याने ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. बसलो. बाहेर झड लागलेली, गाभारा गार. पाकळ्या जशा लावल्या तशाच. तास झाला असेल. गुरवाने परत गाऱ्हाणं घातलं, जरा मोठ्याने. एकही हलली नाही.
"आईसाहेब आज बोलंनात, वहिनी. परत कवातरी या."
परत कधी? मनी दसऱ्यानंतर येणार.
उतरताना रडू आलं, रागाने आलं. दोन वर्षं काटे, डांबर, चटके, काही बोलले नाही. एक गोष्ट विचारली तर तू गप्प.

३ सप्टेंबर, बुधवार, एकादशी
औषध आज घेतलं. उपाशीपोटी घ्यायचं म्हणाल्या. ते मला जमतं. पुढचा डोस पंधरा दिवसांनी, बरोबर पुढच्या एकादशीला येतो. मॅडमना सांगितलं तर हसल्या.
पोटात कालवाकालव. दिवसभर पडून.

५ सप्टेंबर, शुक्रवार
काळे गमबूट आणले, बाजारातून, बांधकामावरचे घालतात तसले. अंगणात आणि खाचरात घालणार. टेकडीवर जाताना काढणार. देवीला आधीच सांगितलं उंबऱ्यात उभं राहून. मी विचारलं होतं. तू बोलली नाहीस. आता मी माझ्या मनाने करते, चुकलं तर माझ्या अंगावर घाल, मनीच्या नको.
दोन वर्षांनी पाय झाकले. आत कोंडल्यासारखं होतं. पाय कुठे ठेवतोय ते कळतच नाही.
हे ओसरीवरून, "मिल्ट्रीत भरती झालीस काय?" जाऊबाई, "न्हाई भावजी, चंद्रावर निघाल्यात." हसले दोघे. नवसाचं मात्र दोघांनी काढलं नाही. ते मला जास्त लागलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
टाकीवरून परत भांडण. सातवा लागला पोरीला, टँकर कधी? "बघू." बघू म्हणत दिवाळी येईल. खोल्यांच्या पत्र्याला पैसे आहेत, सभामंडपाच्या देणगीला आहेत, नावाची फरशी बसवायची आहे ना.
मग मी म्हटलं, ह्या खाचराचा नवा तांदूळ देवीला चढणार नाही.
"काय म्हनलीस?"
म्हटलं, गुवाच्या पाण्यावर पिकलेला भात मी शिजवून आईपुढे ठेवणार नाही. आणि आईला चढल्याशिवाय आपल्या घरात नवं कोणी खात नाही. तेव्हा विकून टाका सगळा.
विडी न पेटवताच बोटांत धरून बसले. त्यांच्या आईने कधी चुकवलं नव्हतं नवं. मला माहीत आहे कुठे लागलं ते. लागू दे.

१५ सप्टेंबर, सोमवार
टँकर आला! पाइप टाकून उपसली. गावभर वास. जाऊबाईंनी उदबत्तीचा अख्खा पुडा लावला.
टँकरवाला आत विजेरी मारून म्हणाला, "काका, भिंत फुटलीय खालनं. भरायच्या आधीच झिरपणार." म्हणजे वरून वाहत होतं ते दिसत होतं, खालून केव्हापासून जातंय कोणास ठाऊक.
हे म्हणाले पावसाळा संपला की गवंडी बघू. ह्या वेळी "बघू" जरा वेगळं वाटलं. माझ्याकडे बघून म्हणाले. पण पाऊस संपतोय कुठे.

१७ सप्टेंबर, बुधवार, एकादशी
दुसरा डोस. पांढरी गोळी आता चिमणीच्या घासाएवढी, एक दिवसाआड.

२२ सप्टेंबर, सोमवार
घट बसले. माळ वाहिली. अंगात जरा बळ आहे. भाकरी जाते, राहते. नवरात्रात सगळ्या बाया चप्पल सोडतात आणि मी बुटात. देवळाच्या पायरीखाली काढून ठेवले तर कोणीतरी म्हणालं, "आक्कांचं बूट हायेत, नीट ठिवा, हरवत्याल." आता मला नाव पडणार.

२९ सप्टेंबर, सोमवार
पांढरी गोळी बंद. शेवटची होती. मॅडम म्हणाल्या फौज जागी व्हायला वेळ लागेल, धीर धरा. रक्त परत दिलंय, शौचाची तपासणीही. शौचात एकदा काही दिसलं नाही म्हणजे गेलंच असं धरायचं नाही, पुढेही करत राहायची.
नाक्यावरच्या डॉक्टरांकडे आजही रांग होती. तीच पुडी, दुसऱ्या कोणाकोणाच्या हातात. दोघींना थांबवून सांगितलं. एक म्हणाली, "पण गुण येतो की काकू." हो. येतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा
सोनं वाटलं. रक्ताचा रिपोर्ट आला, मॅडमनी फोनवरच सांगितला. त्या पेशी दिसू लागल्यात, चांगल्याच. आनंद झाला, मग विचारलं, म्हणजे जंत अजून आहेत? "असतील, किंवा अंगाचं डबे वाजवणं आत्ताच सुरू झालंय. ह्या आकड्यावरून आज सांगता येणार नाही. थोडे दिवस जाऊ द्या."
मनीचा फोन. बॅग भरली म्हणाली, रविवारी येऊ का, हे सुट्टी काढून सोडतील. म्हटलं उद्या सांगते. "उद्या काय सांगायचंय, आई? मी माझ्या घरी येतेय." ती चिडली. मला सांगता येईना. अंगणाच्या कोपऱ्यात ओल आहेच अजून. गवंडी आलेला नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार, एकादशी
पहाटे जाग आली ती खाजेने. पोटावर, डाव्या बाजूला. आठ महिन्यांत पहिल्यांदा गोळीशिवायची खाज.
दिवा लावून बघितलं. रेघ नाही. लाली आहे, गांधी उठल्यासारखी. पेनाने कडेने गोल काढलाय. माझी डबे वाजवणारी माणसं उठली म्हणून खाजतंय, की तो जंत परत निघालाय, कातडी दोघांचंही सारखंच सांगते. दुपारी बघेन, गोलाबाहेर गेलंय का.
हे उठलेत. बाहेर कुदळीचा आवाज येतोय, टाकीच्या बाजूने, एकटेच खणतायत. बोलवायला जाऊ का, की खणू दे.
मनीला फोन करायचाय. फोन हातात आहे.
खाजवत नाहीये.